तीनदा तपासलेले डोळे, न पाहिलेला पडदा

रुग्ण ५२ वर्षांचे, राहणार इचलकरंजी, काम वहिफणीचं. मधुमेह अकरा वर्षांपासून. तक्रार अशी, की उजव्या डोळ्यापुढे काळे दोरे तरंगतात आणि चार दिवसांपासून त्या डोळ्याने जवळजवळ काहीच दिसत नाही. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत. पुढे त्यांचा उल्लेख मामा असाच करतो, कारण आमच्या कोल्हापुरातल्या डोळ्यांच्या ओपीडीत त्यांना सगळे तसंच हाक मारायचे.

वहिफणीचं काम यंत्रमागाच्या गावाबाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. मागावरचं बीम, म्हणजे ताण्याचे उभे धागे गुंडाळलेला रूळ, संपलं की नव्या बीमच्या ताण्यातलं एकेक टोक आधी वहीच्या (धागे वर-खाली करणाऱ्या चौकटीच्या) भोकातून आणि मग फणीच्या फटीतून ओढून घ्यावं लागतं. एका बीमला अशी काही हजार टोकं. मागे बसलेला टोक पुढे करतो, पुढचा हुकाने ते ओढतो. एक टोक चुकलं की कापडभर रेघ उमटते, आणि ते उसवून पुन्हा भरायचे पैसे कुणी देत नाही. मजुरी बीमवर ठरलेली, किती तास बसलात यावर नाही. साधारण मधुमेही माणसाला नजर थोडी उतरलेली सहा-सहा महिने कळत नाही. मामांना ती आठवड्यात कळायला हवी होती, आणि कळलीही होती. फक्त तिचा अर्थ त्यांनी आणि इतरांनी वेगळा लावला.

सुरुवात साधारण दोन वर्षांपूर्वी झाली. पांढऱ्या सुतावर टोक सापडेना, दिवसाला होणारं काम कमी झालं. चष्म्याच्या दुकानात मशीनवर नंबर काढला, नवा चष्मा आला, बरं वाटलं. काही महिन्यांत तोही चष्मा लागेनासा झाला, पुन्हा नंबर, पुन्हा चष्मा. साखर वर-खाली होते तशी डोळ्यातल्या भिंगाची सूजही बदलते आणि नंबर हलतो. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या (रेटिनाच्या) मध्यभागी पाणी साचायला लागलं तरी माणूस आधी चष्म्यालाच दोष देतो. माझं स्पष्ट मत आहे, मधुमेही माणसाचा नंबर वर्षात दोनदा बदलला तर ते गिऱ्हाईक दुकानदाराने डोळ्याच्या डॉक्टरकडे धाडावं. पण दुकानदाराचा धंदा चष्मा विकण्याचा आहे, आणि इथे त्याने काही फसवलेलंही नाही. नंबर खराच बदलला होता.

दुसरी तपासणी गल्लीतल्या मंडळाच्या शिबिरात. रांगेत दीडशे-दोनशे माणसं, एकेकाच्या डोळ्यात टॉर्च मारायची आणि मोतीबिंदू आहे की नाही ते बघायचं. मामांच्या कार्डावर शेरा पडला, ‘मोतीबिंदू नाही’. त्यांनी तो ‘डोळे चांगले’ असा वाचला. मी ते कार्ड पाहिलं आहे. शेरा अगदी बरोबर होता.

तिसऱ्यांदा डोळा लाल झाला म्हणून ते एका दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरांनी थेंब दिले आणि मधुमेह आहे म्हटल्यावर बाहुली मोठी करून पडदा बघूया असंही सांगितलं. मामा म्हणाले, ‘परत येतो.’ ते परत गेले नाहीत.

हे ‘परत येतो’ नीट समजून घेण्यासारखं आहे. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की वीस-तीस मिनिटं डोळे मिटून बसायचं, मग तपासणी, आणि त्यानंतर तीन-चार तास जवळचं पुसट दिसतं, उन्हात डोळे दिपतात. गाडी चालवता येत नाही, म्हणजे सोबत माणूस पाहिजे, म्हणजे त्याचाही खाडा. वहिफणीवाल्याचं तर काम जवळच्याच नजरेवर. थेंब घातलेल्या दिवशी बीम हातात धरता येत नाही, आणि जोडीदाराचंही काम अडतं, कारण हे काम एकट्याने होत नाही. दोन माणसांची दिवसाची मजुरी घालवून करायची ही तपासणी, तीही दिसतंय असं वाटत असताना. मामांनी जो हिशेब केला तो त्यांच्या जागी बसून पाहिला तर चुकीचा म्हणता येणार नाही. त्या हिशेबात धरायला हवी होती ती एक गोष्ट त्यांना कुणी सांगितलेलीच नव्हती.

ती गोष्ट अशी, की पडदा थांबत नाही. आपल्याकडे डोळ्याच्या आजाराची सगळी समज मोतीबिंदूवरून आली आहे. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला आणि त्याने मोतीबिंदूपुरतं मोठं काम केलं. प्रत्येक घरात एक आजी किंवा आजोबा आहेत ज्यांना दिसेनासं झालं, ऑपरेशन झालं आणि पुन्हा दिसायला लागलं. ‘अजून पिकला नाही, पिकल्यावर काढू’ हे वाक्य आपण दोन पिढ्या ऐकतोय. त्यातून माणूस शिकला की डोळ्याचं थांबवून ठेवता येतं, अगदीच दिसेना झालं की बघू, शेवटी ऑपरेशन आहेच. मधुमेहाच्या पडद्याला हाच नियम लावला की घात होतो. मोतीबिंदूत झाकलेली नजर परत मिळते. पडद्याच्या पेशी मेल्या की मिळत नाही. आणि उपचाराचा सगळ्यात जास्त फायदा ज्या काळात होतो त्या काळात रुग्णाला बहुधा ६/६, म्हणजे अगदी चांगलं, दिसत असतं.

मामांचा मधुमेह बघणारे डॉक्टर दर दोन-तीन महिन्यांनी साखर बघायचे, पायाला मुंग्या येतात का विचारायचे, आणि डोळ्यांबद्दल एक प्रश्न विचारायचे, ‘दिसतंय ना?’ उत्तर ठरलेलं, ‘दिसतंय की.’ टाइप २ मधुमेहात निदान होतं त्याच वेळी पडदा बघायचा आणि पुढे साधारण दर वर्षी बघायचा हा नियम बहुतेक ठिकाणी आहे, कारण टाइप २ कधी सुरू झाला ते कळतच नाही, निदानाच्या आधी काही वर्षं तो अंगात असू शकतो. आयसीएमआरच्या इंडियाब अभ्यासाने २०२३ मध्ये देशातल्या मधुमेहींचा आकडा १०.१ कोटी सांगितला. केंद्र सरकारच्या २०१५ ते २०१९ च्या पाहणीत पन्नाशीपुढच्या मधुमेहींपैकी १६.९ टक्के लोकांच्या पडद्यावर मधुमेहाच्या खुणा सापडल्या. म्हणजे दर सहा जणांत एक. हे सगळे नेत्रतज्ज्ञांनी थेंब घालून बघायचे म्हटले तर ते होणार नाही हे उघड आहे. पण मामांसारख्याच्या फाइलवर अकरा वर्षांत ‘पडदा तपासून घ्या’ एवढी एक चिठ्ठीही नसावी, ही माणसांच्या संख्येची अडचण नाही.

आता त्या दिवसाकडे. उजव्या डोळ्यापुढे पहिला काळा दोरा आला तेव्हा मामा बीमवर बसले होते. ‘तूस गेला म्हटलं डोळ्यात. मागाच्या खात्यात तूस काय, रोजचाच.’ त्यांनी डोळा धुतला. दोरा हलला, गेला नाही. दोन दिवस ते डोळा धूत राहिले, तिसऱ्या दिवशी मेडिकलमधून थेंब आणले. चौथ्या दिवशी दोऱ्यांचं जाळं झालं आणि मग त्या डोळ्यापुढे लालसर काळोख. डोळा दुखत नव्हता, लालही नव्हता. न दुखणाऱ्या डोळ्यासाठी कोल्हापूरपर्यंत यायचं ही कल्पनाच त्यांना नवी होती. त्यांना मामींनी आणलं.

मामींना मात्र कारण पक्कं ठाऊक होतं. ‘इन्सुलिनची सुई सुरू केली आणि दीड महिन्यात हे झालं बघा. सुईनं डोळं जात्यात म्हणून आमच्या जावेनं आधीच सांगितलं होतं.’

ही समजूत आमच्या भागात इतकी घट्ट आहे की नुसतं ‘तसं काही नसतं’ म्हणून ती हलत नाही, आणि तसं म्हणणं पूर्ण खरंही नाही. बरीच वर्षं वाढलेली साखर थोड्या दिवसांत झपकन खाली आणली तर आधीच बिघडलेला पडदा काही महिने आणखी बिघडू शकतो. टाइप १ च्या रुग्णांवरच्या डीसीसीटी या अमेरिकन अभ्यासात ते दिसलं होतं. त्याच अभ्यासाचा १९९३ चा मुख्य निष्कर्ष असा, की साखर कडक ताब्यात ठेवल्याने नव्याने पडदा बिघडण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. दोन्ही एकाच वेळी खरं. मामांच्या पडद्यावर मधुमेहाने नव्याने फुटलेल्या कच्च्या रक्तवाहिन्या दीड महिन्यात उगवलेल्या नव्हत्या, त्या बऱ्याच आधीपासून तिथे होत्या. पण इन्सुलिन सुरू करायच्या आदल्या आठवड्यात कुणी पडदा पाहिला असता तर लेसर आधी झालं असतं आणि सुईवर हा आळ आला नसता. मामींना मी हेच सांगितलं, आणि सुई बंद करू नका हेही. पहिलं पटलं. दुसरं पटायला त्यांच्या फिजिशियनना एक फोन करावा लागला.

तपासणीत निघालं ते असं. उजव्या डोळ्याने एक मीटरवरची बोटं मोजता येत होती, त्यापलीकडे काही नाही. आतला जेली रक्ताने भरलेला, पडदा दिसतच नव्हता. सोनोग्राफीत पडदा जागेवर होता, ही त्या दिवसातली एकमेव बरी बातमी. डाव्या डोळ्याची नजर ६/१८. त्या पडद्यावर ठिकठिकाणी रक्ताचे डाग, शिरा मण्यांसारख्या फुगलेल्या आणि दोन जागी नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या. म्हणजे उजव्यात जे फुटलं ते डाव्यातही तयार होतं. ओसीटीवर, म्हणजे पडद्याच्या थरांच्या स्कॅनवर, मध्यभागाची जाडी ४२० मायक्रॉन, साधारण माणसात ती अडीचशेच्या आसपास असते. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) १०.४, रक्तदाब १६०/९६, हिमोग्लोबिन ९.८, लघवीत प्रथिनं. यातला प्रत्येक आकडा पडद्याला नडणारा. लघवीतल्या प्रथिनांवर थोडं थांबतो, कारण मूत्रपिंडाची गाळणी आणि पडदा दोन्ही बारीक रक्तवाहिन्यांवर चालतात आणि बरेचदा जोडीनेच बिघडतात. असा पडदा दिसला की लघवी आणि क्रिएटिनिन तपासल्याशिवाय माणसाला घरी पाठवू नये.

मामांना चित्र काढून दाखवलं. पडद्याला रक्त कमी पडलं की तो नव्या वाहिन्या मागवतो, त्या कच्च्या असतात, फुटतात, आणि त्यांच्याबरोबर वाढणारा चिवट पापुद्रा पडद्याला ओढतो. मामा म्हणाले, ‘म्हणजे ताणा जादा ओढलाय, आता धागं तुटणार.’ इतकी अचूक उपमा मला पुस्तकात मिळाली नव्हती. पुढे काही महिने आम्ही त्याच भाषेत बोललो.

उपचारात खरा प्रश्न होता तो डाव्या डोळ्याचा. अंगावर आलेला डोळा उजवा असला तरी संसार आता डाव्यावर होता. कागदावर दोन रस्ते होते. एक, डोळ्यात दर महिन्याला इंजेक्शन. दुसरा, पडद्याच्या कडेच्या भागावर लेसर. अमेरिकेतल्या डीआरसीआर या संशोधन गटाने २०१५ मध्ये दाखवलं की कच्च्या वाहिन्यांसाठी इंजेक्शनं लेसरच्या तोडीस तोड ठरतात आणि बाजूची नजरही जास्त टिकते. पण त्या अभ्यासात रुग्ण ठरल्या दिवशी येत होते. नंतर तिथल्याच एका पाहणीत उपचार सोडून सहा महिन्यांहून जास्त काळ न आलेल्यांचे डोळे पाहिले, तेव्हा फक्त इंजेक्शनं घेतलेल्यांची अवस्था लेसर झालेल्यांपेक्षा वाईट निघाली. लेसर एकदा झालं की झालं. इंजेक्शनचा असर उतरतो, आणि माणूस आला नाही की वाहिन्या पुन्हा फोफावतात.

इचलकरंजीहून कोल्हापूर फार लांब नाही. पण मजुरीवरचा माणूस, सोबत मामी, आणि वर्षभर दर महिन्याला एक खाडा. मी सरळ विचारलं, ‘मामा, दर महिन्याला याल?’ ते म्हणाले, ‘येणार की.’ मामी खाली बघत होत्या. मी लेसर धरलं.

नुसतं लेसर मात्र करता येत नव्हतं, कारण मध्यभागी सूज असताना लेसर केलं तर ती वाढू शकते. म्हणून आधी एक इंजेक्शन, मग दोन बैठकांत लेसर, आणि पुढची इंजेक्शनं सुजेपुरती, जमतील तशी. औषध बेव्हॅसिझुमॅब. हे मुळात कॅन्सरचं औषध, डोळ्यासाठी जगभर वापरतात आणि खास डोळ्यासाठी बनवलेल्या औषधांपेक्षा कितीतरी पटीने स्वस्त पडतं. २०१५ मध्ये रॅनिबिझुमॅबचं देशी रूप आपल्याकडे निघाल्यापासून मधला एक पर्यायही आहे, पण मामांना तोही झेपणारा नव्हता.

लेसरबद्दल आधीच एक गोष्ट बोलून घ्यावी लागते. आपल्याकडे लेसर म्हणजे चष्मा घालवायचं मशीन. मामांनीही विचारलं, ‘मग चष्मा जाईल ना?’ नाही. चष्मा जाणार नाही, नजर वाढणार नाही, उलट रात्रीचं आणि बाजूचं थोडं कमी दिसेल. हे लेसर फक्त पुढचं नुकसान रोखतं. १९७० च्या दशकातल्या डीआरएस या अभ्यासाने दाखवलं की त्याने नजर पार जाण्याचा धोका निम्म्याहून जास्त कमी होतो. पण जे झालं नाही ते रुग्णाला दिसणार कसं? पैसे घालून, चुरचुर सोसून नजर आहे तिथेच, म्हणून गावात जाऊन ‘लेसर फेल गेलं’ सांगणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. म्हणून हे सगळं मशीनवर बसवायच्या आधी बोलायचं, आणि घरच्या माणसासमोर.

पहिली बैठक झाली. दुसरीला मामा आले नाहीत. फोन बंद. दिवाळी तोंडावर होती, त्या दिवसांत बीम भरणारा माणूस घरी बसत नाही, आणि डाव्या डोळ्याने थोडं बरं दिसायला लागलं होतं. इंजेक्शनने सूज उतरली की हे होतंच. बरं वाटायला लागलेला रुग्ण सगळ्यात आधी हातचा सुटतो. आमच्या समुपदेशक ताईंनी नोंदवहीत मामांचा नंबर घेतला होता, शिवाय शेजारच्या मेडिकलवाल्याचाही. त्याच्याकडून निरोप गेला, भाऊबीजेनंतर मामा आले. ती दुसरी ओळ नोंदवहीत नसती तर हे प्रकरण इथेच संपलं असतं.

उजव्या डोळ्यातलं रक्त सहा आठवडे वाट पाहूनही जिरलं नाही. उशा उंच करून झोपायचं, जड उचलायचं नाही, हे सगळं करून झालं होतं. शेवटी विट्रेक्टॉमी करून आतलं रक्त आणि पापुद्रा काढला, आतूनच लेसर दिलं. शस्त्रक्रिया महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून झाली. प्रवासाचा आणि बुडालेल्या दिवसांचा खर्च घरचा, आणि तो कुठल्याच योजनेत बसत नाही.

तीन महिन्यांनी उजवी नजर ६/३६, डावी ६/१२. एचबीएवनसी ८.१, रक्तदाब औषधांवर आटोक्यात. डाव्या डोळ्याला एकूण तीन इंजेक्शनं झाली आणि सूज बरीचशी उतरली. वैद्यकीय भाषेत हा चांगला निकाल म्हणायचा. वहिफणी मात्र सुटली. ६/१२ नजरेने रस्ता दिसतो, माणसं ओळखू येतात, पण हजारो टोकांतलं नेमकं टोक नेमक्या भोकात जात नाही, आणि दोन डोळ्यांत एवढा फरक पडल्यावर खोलीचा अंदाजही चुकतो. मामा आता कांडी मशीनवर, म्हणजे सूत कांड्यांवर गुंडाळायच्या यंत्रावर, बसतात. मजुरी कमी आहे.

यात काय वेगळं करता आलं असतं याची यादी लांब होईल, मला एकच जागा महत्त्वाची वाटते. मामा अकरा वर्षं एका ठिकाणी न चुकता जात होते, साखर तपासायला. पडद्याचा फोटो तिथेच निघायला हवा. बाहुली मोठी न करता फोटो काढणारे, हातात मावणारे कॅमेरे आता आहेत. मोतीबिंदू असला तर फोटो पुसट येतो, अशा थोड्यांनाच थेंब घालायचे. केरळमध्ये नयनामृतम उपक्रमात कुटुंब आरोग्य केंद्रांवरच फोटो काढतात आणि तज्ज्ञ ते दुरून वाचतात. नेत्रतज्ज्ञाने शिबिरं वाढवून हे होणार नाही. शंभरातल्या नव्वद जणांना ‘तुमचं ठीक आहे, पुढच्या वर्षी या’ सांगायला दिवसाचा खाडा पडता कामा नये. खाडा उरलेल्या दहांनी करावा, तोही हातात फोटो घेऊन. फोटो दाखवला की ‘दिसतंय की’ हे उत्तर बंद होतं, हा माझा ओपीडीतला अनुभव आहे.

मामांचा धाकटा भाऊ ४४ वर्षांचा, सायझिंगमध्ये (ताण्याला खळ लावायच्या कारखान्यात) कामाला, मधुमेह चार वर्षांपासून. वहिनींच्या आग्रहाने आला, नजर दोन्हीकडे ६/६, म्हणून कुरकुरतच थेंब घालून घेतले. दोन्ही पडद्यांवर मध्यम स्वरूपाचे बदल आहेत, सूज नाही, कच्च्या वाहिन्या नाहीत. आज त्याला लेसरही नको आणि इंजेक्शनही नको. रक्तदाबाची गोळी सुरू केली आहे, साखरेसाठी फिजिशियनकडे चिठ्ठी दिली आहे, आणि सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलं आहे. तारीख त्याच्या साप्ताहिक सुट्टीची धरली, आणि नोंदवहीत मेडिकलवाल्याचाही नंबर लिहिला.